यंदा काय खरं नाय

"मोहोर सगळा करपला," बाबा फाटकाशी उभं राहून सांगत होते. "यंदा काय खरं नाय."

समोर कोल्हापूरचा आंब्याचा व्यापारी उभा होता. बाबांच्या डोक्यावर, अगदी टोपीला लागतील असे, लिंबाएवढ्या कैऱ्यांचे घोस लोंबत होते. व्यापाऱ्याने वर पाहिलं, घोस नीट न्याहाळले आणि दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून मान हलवली.

"वाईट झालं, शिवलकर. मग एप्रिलात टेम्पो कधी पाठवू?"

"पाठीव वीस तारखेला. रिकामा जाईल, आधीच सांगून ठेवतो."

बारा वर्षं तो टेम्पो येत होता आणि बारा वर्षांत एकदाही रिकामा गेला नव्हता. पण आमच्याकडे आपल्या वस्तूला आपण चांगलं म्हणायचं नाही, ही रीत आहे. भरलेल्या विहिरीला 'आहे जराशी ओल' म्हणायचं, दुभत्या म्हशीला 'चहापुरतं देते' म्हणायचं. बाबांनी ही रीत माणसांपर्यंत नेली होती. मी मॅट्रिकला शाळेत दुसरा आलो, तेव्हा पेढे खायला आलेल्या लोकांना बाबांनी 'काठावर सुटला' म्हणून सांगितलं. माझं लग्न ठरवायला शैलाचे वडील आले, तेव्हा त्यांना विहिरीपाशी नेऊन 'मुलगा तसा मंद आहे, पुढे तक्रार नको' असं बजावलं. सासरे राजापूरचे, त्यांना ही भाषा येत होती, म्हणून लग्न झालं. मला मात्र ते लागायचं. चौतिशी आली तरी लागायचं.

त्या दिवशी मी फाटकातून आत आलो तो बदलीची बातमी घेऊनच.

मी सरकारी नोकरीत होतो. खातं कोणतं ते सांगत नाही, माझ्या वेळची काही माणसं अजून पेन्शन घेतायत. रत्नागिरीच्या कचेरीत एकाच खुर्चीवर मला नऊ वर्षं झाली होती. नियमाने तीन वर्षांत हलायला हवं होतं, पण दरवेळी यादी निघायची आणि माझं नाव कुठेतरी पानांच्या मधे राहून जायचं. यंदा ते पानाच्या वर आलं होतं. आमचे हेडक्लार्क आग्रे यांनी मला चहाला नेऊन सांगितलं, "सदानंद, यादी पिसाळसाहेबांच्या हातात आहे. साहेब शुक्रवारी तपासणीला येतायत, रविवारी मोकळे आहेत. बरोबर बाईसाहेब आणि मेव्हणे आहेत. त्यांना रत्नागिरी बघायची आहे. दाखवायचं काम तुझ्याकडे देतो. खूश कर माणसाला. बाकी तुझं नशीब."

बदली झाली तर मी एकटाच जाणार होतो. शैला नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, तिची नोकरी सुटणारी नव्हती. मुलगी पहिलीत होती. बाबा घर आणि आंब्याची सहा कलमं सोडून फार फार तर वाडीच्या तोंडावरच्या नळापर्यंत जायचे. आणि मी स्वतः मुरुगवाड्यात जन्मलो, समुद्राची गाज कानात नसली तर मला झोप लागत नाही. सासुरवाडीला राजापूरला गेलो तरी पहाटेपर्यंत टक्क जागा. बदली म्हणजे माझ्या दृष्टीने काळं पाणीच होतं, फक्त पाण्याशिवायचं.

जेवताना मी हे सगळं सांगितलं. बाबा आमटी ओरपत ऐकत होते.

"त्यांना काय दाखवणार?" त्यांनी विचारलं.

"थिबा पॅलेस, मत्स्यालय, किल्ला, दीपगृह. दुपारी जेवायला आपल्याकडे."

"वायट दाखव."

"काय?"

"मच्छीबाजाराच्या मागची गटारं दाखव. भर दुपारी उन्हात फिरव. सांग की चार महिने पाऊस थांबत नाय, कपड्यांना बुरशी येते. चांगलं काय दाखवू नको."

"बाबा, माणसाला खूश करायचंय."

"माणूस खूश झाला की वस्तू मागतो," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

मी शैलाकडे पाहिलं. शैलाने खांदे उडवले. बाबांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे आमच्यात लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ठरलं होतं.

खरी अडचण दुसरीच होती. मी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. रत्नागिरीच्या माणसाला रत्नागिरी बघायचं कारण पडत नाही. दीपगृह मी जन्मापासून रोज बघत होतो, बाहेरून. थिबा पॅलेसच्या भिंतीला लहानपणी एकदा चेंडू मारला होता, तेवढीच ओळख. शैला मात्र दरवर्षी चौथीची सहल घेऊन हिंडायची. तिने शनिवारी मला वहीच्या कागदावर सगळं लिहून दिलं आणि मुलीला बाजूला बसवून दोघांचीही उजळणी घेतली. मुलगी माझ्यापेक्षा बरी निघाली.

रविवारी सकाळी आठला मी विश्रामगृहावर हजर झालो. पिसाळसाहेब उंच, मिशीवाले, सातारकडचे. बाईसाहेब हसतमुख आणि हातात पिशवी, कुठे काही विकत मिळालं तर असावी म्हणून. मेव्हणे म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे भाऊ, माने. चाळिशीचा बारीक, सावळा माणूस, बोलणं कमी.

"हे आमचे मेव्हणे," साहेब म्हणाले. "जतला असतात. तिकडं पाण्याचा टिपूस नाही. म्हटलं, चला, जरा समुद्र दाखवू."

मी नमस्कार केला. जतला असतात म्हणजे शेती करत असणार, असं धरून चाललो. विचारलं नाही. हे एक वाक्य विचारलं असतं, तर पुढची कथा झाली नसती.

मत्स्यालयात पहिलाच घोळ झाला. तिथे देवमाशाचा मोठा सांगाडा आहे. बाईसाहेब त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"कशानं मेला हो हा?"

शैलाच्या कागदावर लांबी होती, मरणाचं कारण नव्हतं.

"म्हातारपणाने," मी म्हणालो. "इथली हवा चांगली आहे, बाईसाहेब. इथे सगळेच म्हातारपणाने जातात."

साहेब हसले. माझा जीव भांड्यात पडला. मान्यांनी सांगाड्याला लांबून एक प्रदक्षिणा घातली आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मासळी स्वस्त असंल की इथं?"

"बंदरावर गेलात तर फुकटासारखी," मी म्हणालो. "ओळख असली की पिशवी भरून देतात."

"ओळख किती दिसात हुती?"

"लगेच. माणसं फार प्रेमळ."

मान्यांनी मान डोलावली.

थिबा पॅलेसला आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. मी वरच्या सज्ज्यात उभा राहून कागदाकडे चोरून बघत सुरुवात केली. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला राणीसकट इथे आणून ठेवलं. आपल्या देशापासून लांब, दुसऱ्याच समुद्राच्या काठी.

"म्हणजे बदलीच की ही," साहेब म्हणाले.

"हो साहेब. आणि अर्ज करायचीही सोय नाही."

"शिक्षा म्हणून रत्नागिरीला पाठवलं?" साहेबांनी वरच्या सज्ज्यातून खाली पाहिलं. खाली नारळीची हिरवी गर्दी, त्यापलीकडे भाट्याची खाडी चमकत होती, वारा असा की बाईसाहेबांना पदर दोन हातांनी धरावा लागत होता. "आम्हाला नाही कोणी असली शिक्षा करत."

"किती वर्षं हुता राजा इथं?" मान्यांनी विचारलं.

"तीस. शेवटपर्यंत इथेच."

"तीस वर्षं," माने म्हणाले. "एकाच जागी. कुणी हलवलं न्हाई?"

"तीस वर्षं एकाच जागी," साहेबही म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला किती झाली, शिवलकर?"

माझ्या हातातला कागद घामाने ओला झाला. "नऊ, साहेब."

"हं."

त्या 'हं'ने मी इतका घाबरलो की त्यानंतर रत्नागिरीचं कौतुक दुप्पट वेगाने करायला लागलो. डोक्यात हिशेब सोपा होता. साहेबांना शहर आवडलं, की शहर दाखवणारा आवडेल. शहर दाखवणारा आवडला, की त्याला इथून हलवायला जीव होणार नाही. कागद संपला तरी मी थांबलो नाही. उन्हाळ्यात गारवा असतो म्हणालो. डास नाहीत म्हणालो. ते म्हणत असताना नाकापुढे घोंगावणारा डास मी दोन्ही तळव्यांत, नमस्कार करतोय असं दाखवून मारला.

दुपारी घरी आलो. शैलाने पहाटे उठून सुरमई तळली होती, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं, सोलकढी, तांदळाच्या भाकऱ्या. बाबा नवं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. मी त्यांना सकाळी हात जोडून सांगितलं होतं की आज बोलू नका. ते गप्प बसले, पहिली भाकरी संपेपर्यंत.

"हवा कशी आहे हो इथली, आजोबा?" साहेबांनी विचारलं.

"दमट," बाबा म्हणाले. "सांधे जातात. माझे गेले."

बाबा त्या सकाळीच कलमावर चढून माकडं हाकलून आले होते.

"बाबा थट्टा करतात," मी म्हणालो.

"पाणी?" मान्यांनी विचारलं.

"खारट."

"नाही हो," मी पुढे होऊन म्हणालो. "आमच्या विहिरीचं पाणी घ्या ना. शैला, त्यांना पाणी दे." मान्यांनी तांब्याभर पाणी संपवलं, डोळे मिटले आणि आणखी एक तांब्या मागितला.

"फुरशी हायत," बाबा म्हणाले. "साप. इथं, कौलात. रात्री अंगावर पडतात."

बाईसाहेबांनी वर पाहिलं आणि ताट जरा भिंतीकडे सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चौतीस वर्षांत एकही पडलेलं नाही," मी म्हणालो. "बाबांनी स्वतःच मागच्या वर्षी सगळी कौलं परतून घेतली. घर कसं टणटणीत आहे. आमच्या इथे भाड्यानेही अशी घरं मिळतात, आणि तीही कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर."

"दहा मिंटं," माने म्हणाले आणि छपराकडे बघायला लागले.

"शाळा लांब हाय," बाबा म्हणाले.

"माझीच शाळा आहे, समोरच्या वळणावर," शैला वाढता वाढता म्हणाली. तिचा काही दोष नव्हता, तिला शाळेला कोणी नावं ठेवलेली खपत नसत.

बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा शैलाकडे पाहिलं. मग त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "वारं इतकं की झाडं पडतात. समुद्र दरवर्षी हातभर आत येतो. दहा वर्षांत हे सगळं पाण्यात जाणार. आम्ही आपले कुठं जायचं म्हणून राहिलोय."

"मुलगा मात्र गुणी आहे हो तुमचा," साहेब म्हणाले. ते खूश होते, सुरमईचा दुसरा तुकडा त्यांच्या ताटात पडला होता. "सकाळपासून बघतोय. हुशार, हौशी."

मी वाट बघत राहिलो. निदान आज, निदान साहेबांपुढे.

"हुशार?" बाबा म्हणाले. "छे. दोन आणायला सांगितलं तर एक विसरतो. कचेरीत कसा ठेवलाय, देव जाणे."

मी उठून हात धुवायला गेलो. विहिरीपाशी उभा राहून दोन मिनिटं नुसता पाण्याकडे बघत राहिलो. इतका राग मला बाबांचा कधी आला नव्हता. ज्या साहेबाच्या सहीवर माझं सगळं अडलंय, त्याच्यापुढे ह्या माणसाला मला मंद ठरवायचं होतं. त्या क्षणी मी ठरवलं की आता दीपगृहावर काय वाट्टेल ते होवो, साहेबांना मी रत्नागिरीच्या प्रेमात पाडणार.

किल्ल्यावर देवीचं दर्शन घेऊन चारच्या पुढे आम्ही दीपगृहाशी आलो.

"किती पायऱ्या आहेत?" बाईसाहेबांनी विचारलं.

"एकशे ऐंशी," मी ठोकून दिलं.

बाईसाहेब मोजत चढल्या. वर पोचल्यावर त्यांचा आकडा माझ्या निम्म्यावरही आला नाही. "असं कसं?" त्यांनी विचारलं.

"मधे दुरुस्ती झाली, बाईसाहेब. कमी केल्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दीपगृह तेवढंच उंच ठेवून पायऱ्या कमी कशा केल्या, हे ते विचारणार होते, पण तेवढ्यात आम्ही बाहेरच्या गॅलरीत आलो आणि कोणालाच काही विचारायचं सुचलं नाही.

मलाही नाही. मी पहिल्यांदाच तिथे उभा होतो. एका बाजूला पांढऱ्या वाळूचा समुद्र, दुसऱ्या बाजूला काळ्या वाळूचा, मधे किल्ल्याची सोंड. मिरकरवाड्यात परतणाऱ्या होड्या, त्यांच्यामागे पक्ष्यांचे थवे. खाली माडांच्या शेंड्यांतून मुरुगवाड्याची कौलं दिसत होती आणि त्यात मला आमचं घर सापडलं. नव्याने परतलेली लालभडक कौलं, शेजारी सहा कलमांचा गोल. अंगणात एक पांढरा ठिपका हळूहळू एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात होता. नवं धोतर नेसून बाबा झाडांना पाणी घालत होते.

कागद खिशातच राहिला. मी बोलायला लागलो ते साहेबांसाठी नव्हतं, निदान त्यातलं निम्मं नव्हतं. मी सांगितलं की पावसाळ्यात हा समुद्र भिंतीसारखा उभा राहतो आणि आम्ही दारं लावून त्याचा आवाज ऐकत पडतो. सांगितलं की भाद्रपदात पाणी निवळतं तेव्हा पहिली होडी जाते, ती बघायला अख्खी वाडी काठावर येते. एप्रिलात आंब्याचा वास घरात असा भरतो की पाहुणा दारातूनच विचारतो, पिकायला घातले काय. सांगितलं की मला इथे कधी काही बघावंसं वाटलं नाही, कारण रोज त्यातच होतो, आणि आज वरून पाहिलं तर वाटतंय की हे सोडून माणूस कुठे जाईल तरी कशाला.

बोललो आणि लाज वाटून थांबलो. बाईसाहेबांनी पदराने डोळे पुसले. वाऱ्यामुळे असेल.

"दाजी," माने म्हणाले. दिवसभरात त्यांनी साहेबांना पहिल्यांदाच हाक मारली. "असं वारं मी जल्मात घेतलं न्हाई."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याही ठेवला. "शिवलकर, दिवस सार्थकी लावलात. विसरणार नाही."

घरी मी जवळजवळ नाचत गेलो. शैलाला सगळं सांगितलं, पायऱ्यांचंसुद्धा. बाबा ओसरीवर पानाला चुना लावत होते.

"किती चांगलं सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सगळं," मी म्हणालो. दुपारचा राग होताच. "तुमच्यासारखं आपल्याच घराला नावं ठेवून कोणाचं भलं होत नाही, बाबा."

बाबांनी पान तोंडात टाकलं. "तो मेव्हणा काय करतो?"

"शेती असेल. जतला असतो."

"ताटात सुरमई होती," बाबा म्हणाले, "आणि तो कौलं मोजत होता." एवढंच बोलून ते झाडांकडे गेले. मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि मी लावायलाही गेलो नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आदेश आला. आग्र्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सात नावं होती. चौथं: स. ग. शिवलकर, रत्नागिरी येथून जत. पाचवं: ज. भा. माने, जत येथून रत्नागिरी, शिवलकर यांच्या जागी.

मी ते तीनदा वाचलं. माने आमच्याच खात्यात होते. तेही माझ्याच हुद्द्यावर, माझ्यासारखेच, एका खुर्चीवर सात वर्षं. जतमध्ये शेती मी माझ्या मनातच पेरली होती.

चार्ज घ्यायला माने आले तेव्हा मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण त्यांनी येताना माझ्या मुलीसाठी शेंगदाण्याची चिक्की आणली होती आणि किल्ल्या घेण्याआधी तीच माझ्या हातात दिली.

"शिवलकर, रागवू नगासा," ते म्हणाले. "मी मिरज मागणार हुतो. दाजींनी मिरजेचं नाव लिवलंबी हुतं. पण त्या दिशी वर उभं राहून तुमी जे बोललासा ना, ते आयकलं आन् रातभर झोप न्हाई. दाजींना म्हटलं, मरूं दे मिरज."

मी फाइली त्यांच्या ताब्यात दिल्या. कोणती खिडकी उघडली की वारा कागद उडवतो आणि कोणती उघडली की नुसताच गार येतो, तेही सांगितलं. आता एवढं सांगितलंच होतं, तर ते कशाला ठेवायचं.

बाबा 'बघ, मी सांगत होतो' असं काही म्हणाले नाहीत. ते म्हणतील म्हणून मी चार दिवस उत्तर तयार ठेवलं होतं. ते वापरायची वेळ आली नाही.

निघायच्या दिवशी शैला आणि मुलगी स्टँडवर येणार हे ठरलेलंच होतं. बाबा येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते टोपी घालून, दोन पिशव्या घेऊन आमच्या पुढे चालायला लागले. मी मुंबईला परीक्षेला गेलो तेव्हा ते नळापर्यंत आले होते. आज नळ मागे पडला तरी चालत राहिले.

"ही तुला," स्टँडवर एक पिशवी माझ्या हातात देऊन ते म्हणाले. वरच्या गवतातून हापूसचा वास येत होता. "आणि ही तिथल्या साहेबाला." दुसरीत रायवळ होते, आंबट, दोऱ्यांनी भरलेले, म्हशीनेही तोंड फिरवावं असे.

"बाबा, साहेबाला हे?"

"हेच दे. सांग, आमच्याकडे असेच होतात."

मिरजेची गाडी लागली. तिथून पुढे जत. मी खिडकीशी बसलो. शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ होते, चांगले बोलके. शैला मुलीला उचलून धरून उभी होती. बाबा खिडकीच्या खाली येऊन उभे राहिले.

"मुलगा काय तुमचा?" फेटेवाल्यांनी वाकून विचारलं. "कुठं निघालाय?"

"जतला. बदली झाली."

"आमच्याच गावाला की. सरकारी दिसतोय. हुशार असणार."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कसला हुशार," ते म्हणाले. "काय उपयोगाचा नाय. कामात मंद, दोन सांगितली तर एक विसरतो. तुमच्याकडं सगळ्यांना सांगून ठेवा. अजिबात चांगला नाय." मग खिडकीचा गज धरून ते त्या म्हाताऱ्याला कळकळीने म्हणाले, "ठेवून काय करणार त्याला? द्या परत पाठवून."

गाडी हलली. बाबांचा हात गजावरून सुटेपर्यंत ते दोन पावलं बरोबर चालले. मॅट्रिकचे पेढे, सासऱ्यांना विहिरीपाशी सांगितलेलं, साहेबांपुढचं ते जेवण, सगळं एकदम माझ्या डोक्यात फिरलं आणि मी त्या बोलक्या गृहस्थांशेजारी बसून लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला पाणी दिलं. वडील फार कडक दिसतायत, म्हणाले.

जतला दुसऱ्या दिवशी हजर झालो. साहेबांच्या टेबलावर रायवळची पिशवी ठेवली. त्यांनी एक आंबा तिथेच चोखला आणि तोंड वाकडं केलं.

"रत्नागिरीचा आंबा असा?"

"असाच, साहेब. नाव आहे नुसतं."

"बरं. काम कसं येतं तुम्हाला?"

"काय खरं नाही, साहेब," मी म्हणालो. "तसा मंदच आहे."

तरी त्यांनी मला चार वर्षं ठेवून घेतलं.